नवी बॅटरी पुन्हा का उतरते?

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीत एक आवाज हमखास ऐकू येतो. 'टक्'. थोडी शांतता, मग पुन्हा 'टक्'. कुणीतरी मुंबईहून आलेलं असतं, ताडपत्रीखाली पावसाळाभर उभी असलेली जुनी गाडी खळ्याबाहेर काढायची असते, आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत नसतो. चार पोरं जमतात, धक्का मारतात, गाडी सुरू होते. संध्याकाळी दापोलीच्या बाजारातून फुलं-नारळ घेऊन परत निघताना पुन्हा तोच 'टक्'. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी येते. पुढच्या वर्षी आणखी एक.

आमच्या घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीने पाच वर्षांत तीन बॅटऱ्या संपवल्या. चौथी घ्यायला निघालो तेव्हा काकांनी अडवलं. "बॅटरी मरते ते दिसतंय. पण तिला मारतंय कोण ते बघ आधी." त्यानंतरचे दोन दिवस मी एक मीटर घेऊन बॉनेटखाली वाकून होतो. त्या दोन दिवसांत जे समजलं ते कोणत्याही जुन्या गाडीच्या मालकाला समजण्यासारखं आहे. त्याला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की ही गाडीच संपली. कोकणात मात्र घराघरांतून पद्मिनी, ॲम्बेसिडर आणि जुन्या जीप अजून उभ्या आहेत. त्या नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आता थकले. नव्या मिस्त्रींचा हात नव्या गाड्यांवर बसलेला आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून निदान चार्जिंगचं गणित तरी मालकाला स्वतःला मांडता यावं, असं मला मनापासून वाटतं.

आगरातला पंप, गाडीतला पंप

ज्याच्या घरी विहीर, पंप आणि टाकी आहे त्याला गाडीचं चार्जिंग अर्धं आधीच समजलेलं असतं.

बॅटरी म्हणजे टाकी. ती पाणी तयार करत नाही, फक्त साठवते. पाणी चढवणारा पंप म्हणजे डायनामो किंवा अल्टरनेटर: इंजिनच्या फॅनबेल्टवर फिरणारं, फिरण्यातून वीज तयार करणारं यंत्र. टाकी भरली की पंप आवरणारा फ्लोट म्हणजे रेग्युलेटर. पंप बंद झाल्यावर टाकीतलं पाणी उलट विहिरीत जाऊ नये म्हणून आपण फूटव्हॉल्व्ह बसवतो. गाडीत ते काम जुन्या डायनामोसोबतचा कटआऊट करतो, तर अल्टरनेटरमध्ये डायोड करतात. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारं दार.

व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, आणि ॲम्पिअर म्हणजे पाइपातून वाहणारी धार. दाब असून धार नाही, असं नळाला होतं तसं गाडीलाही होतं.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की पहिला गैरसमज, की सेल्फ मारूनच बॅटरी संपते, आपोआप गळून पडतो. गाडी सुरू करताना सेल्फ खूप करंट ओढतो हे खरं, दीडशे ॲम्पिअरच्या आसपास. पण ओढतो किती वेळ? तीन सेकंद. हिशेब केला तर बॅटरीतून गेलेला साठा जेमतेम ०.१२५ ॲम्पिअर-तास भरतो (एक ॲम्पिअरची धार तासभर वाहिली की एक ॲम्पिअर-तास). चार्जिंग धड असेल तर दहा ॲम्पिअरच्या धारेने हा खड्डा मिनिटभरात भरून निघतो. म्हणजे सेल्फ मारून मारून बॅटरी संपते ती मुख्यतः पंप टाकी भरत नसतो म्हणून, नाहीतर गाडी उभी असताना टाकी कुठेतरी गळत असते म्हणून.

लाल दिवा विझतो, म्हणजे चार्जिंग होतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तर आहे: नक्की सांगता येत नाही.

डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या लाल दिव्याचं एक टोक बॅटरीकडे असतं आणि दुसरं डायनामो-अल्टरनेटरकडे. चावी फिरवली की बॅटरीकडे दाब आहे, पलीकडे नाही, म्हणून करंट वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की पलीकडेही दाब तयार होतो. दोन्ही बाजू समान झाल्या की करंट थांबतो, दिवा विझतो. दिवा फक्त एवढंच सांगतो की दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा आहे. बॅटरीपर्यंत किती पोचतंय, हे त्याला ठाऊकच नसतं. आमच्या गाडीत पाचही वर्षं दिवा अगदी वेळेवर विझत होता.

अल्टरनेटरच्या बाबतीत या दिव्याचं आणखी एक काम आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. आगरातला पंप कोरडा पडला असेल तर नुसता चालू करून पाणी उचलत नाही. आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं. अल्टरनेटरचंही तसंच आहे. त्याच्या आत फिरणारं चुंबक हे कायमचं चुंबक नसतं, वेटोळ्यातून करंट सोडून ते जागं करावं लागतं. सुरुवातीचा तो तांब्याभर करंट जुन्या गाड्यांत लाल दिव्यातून जातो. दिव्याचा बल्ब गेलेला असेल तर पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर होतो. म्हणून गाडीत बसल्यावर पहिली सवय ही: चावी फिरवली, इंजिन बंद, लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर पाच-दहा रुपयांच्या बल्बपासून सुरुवात करायची.

इंजिन चालू असताना दिवा मंद, निखाऱ्यासारखा तेवत राहिला तर मात्र कुठेतरी दोन बाजूंच्या दाबात फरक पडतोय. डायोड गेलेला असू शकतो किंवा सांध्यावर कीट असू शकतं. गाडीला डायनामो असेल तर मंद आयडलवर दिवा लुकलुकणं नैसर्गिक आहे, कारण कमी वेगात डायनामो पुरेसा दाब तयारच करत नाही. थोडं रेस केल्यावर विझला की ठीक.

मिठाची बरणी

आता आपल्या किनाऱ्याचा मुद्दा. हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात, गुहागरला, मालवणला, समुद्राच्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला घाटावरच्या माणसापेक्षा वेगळा शत्रू असतो.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली खड्या मिठाची बरणी पाझरते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यातून समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कोरड्या हवेतही पाणी धरतात. लाटांच्या तुषारांतून आलेलं हे मीठ गाडीच्या प्रत्येक वायरच्या टोकावर, प्रत्येक नटखाली बसतं आणि पाझरत राहतं. तांब्यावर हिरवं कीट चढतं, लोखंडावर तांबेरा, आणि प्लास्टिकच्या आत वायर काळी पडते. वरून वायर धडधाकट दिसते, सोलली की आतले धागे कोळशासारखे.

कीट आणि गंज करंटला सहज जाऊ देत नाहीत. पाइपात शेवाळ साचावं तसं. इथे एक छोटा हिशेब केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण सगळं मर्म त्यात आहे.

समजा एका सांध्यावर कीट चढून ०.१ ओहम इतका अडथळा तयार झाला. ओहम म्हणजे अडथळ्याचं माप. हा अडथळा इतका कमी आहे की साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर शून्याच्या जवळच काहीतरी दिसेल आणि 'वायर ठीक आहे' असा निष्कर्ष निघेल. पण त्याच सांध्यातून चार्जिंगचा १५ ॲम्पिअर करंट जाऊ लागला की १५ गुणिले ०.१, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच जिरतो. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट पाठवले, बॅटरीला मिळाले १२.७. आणि १२.७ व्होल्टवर बॅटरी भरत नाही. ती उपाशीही दिसत नाही, पण तिचं पोट कधी भरतच नाही.

सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या प्लेटांवर पांढरे स्फटिक घट्ट बसतात. ताजे असताना ते चार्जिंगमध्ये विरघळतात. महिनोन्‌महिने तसेच राहिले की कायमचे होतात, आणि बॅटरीची साठवण कमी होत जाते. तिसऱ्या वर्षी दुकानदार टेस्टर लावून म्हणतो, "बॅटरी गेली." तो खोटं बोलत नाही. बॅटरी खरंच गेलेली असते. फक्त का गेली, ते त्याच्या टेस्टरमध्ये येत नाही.

मीटर कुठे लावायचा

साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला ठेवायचा. आधी हातातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढून ठेवा. लोखंडी पाना आणि अंगठी मिळून बॅटरीची दोन टोकं जोडली गेली तर बोट भाजून निघतं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून जवळ विडी-काडी नको. पंख्याजवळ वाकताना साडीचा पदर, ओढणी, मफलर बांधून घ्या.

पहिलं माप रात्रभर उभ्या गाडीचं. सकाळी काहीही चालू न करता मीटरची दोन टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टेकवा. खुंट्यांवरच, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. रिकामी बॅटरी घेऊन पुढची मापं घेण्यात अर्थ नाही. आधी बाहेरच्या चार्जरवर ती सावकाश भरून आणा. भरल्यानंतर सहा खणांतल्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने बघता आली तर उत्तम. एका खणाची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने किंवा जास्त कमी असेल, तर तो खण गेला आणि बॅटरी बदलायची वेळ खरंच आली आहे.

दुसरं माप इंजिन चालू असताना, जरा रेस धरून. खुंट्यांवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. मग हेडलाइट लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या वर टिकला पाहिजे. १५ च्या पुढे जात असेल तर उलट आजार आहे: रेग्युलेटर आवरत नाही, बॅटरीचं पाणी उकळून जातं, बल्ब वरचेवर उडतात.

इथे बहुतेक लोक थांबतात. आकडा कमी आला की अल्टरनेटर खराब, असा निकाल लागतो. मीही तिथेच थांबणार होतो. काका म्हणाले, "पंपाजवळ दाब किती आहे ते बघितलंस?"

आणि तेच खरं माप आहे. खुंट्यांवर १२.९ व्होल्ट होते. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरचा बोल्ट आणि अल्टरनेटरचं स्वतःचं धड, यांच्यामध्ये मीटर लावला. १४.३. पंप ठणठणीत होता! मग १.४ व्होल्ट वाटेत कुठे गेले?

ते शोधायची रीत अशी. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या धन खुंटीवर. दोन्ही टोकं एकाच वाटेवर असल्यामुळे मीटर त्या वाटेत जिरलेला दाब दाखवतो. ०.२-०.३ पर्यंत चालतं. आमच्याकडे ०.३ आले. म्हणजे जाण्याची वाट बरी होती.

आता परतीची वाट. वीज बॅटरीतून जाते तशी परत यावी लागते, आणि गाडीत ती परतीची वाट म्हणजे इंजिन आणि बॉडीचं लोखंड. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. एक टोक अल्टरनेटरच्या धडावर, दुसरं बॅटरीच्या ऋण खुंटीवर. इथे ०.२ च्या आत हवं. आले १.१.

०.३ आणि १.१ मिळून १.४. हरवलेला हिशेब तंतोतंत जुळला, आणि मला आठवतंय, मी तो आकडा मोठ्याने वाचला तेव्हा काका ओटीवरून उठून खाली आले.

आधी संशय इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर आला. पण ती खराब असती तर? १५ ॲम्पिअरवर १.१ व्होल्ट म्हणजे ०.०७ ओहमचा अडथळा. त्याच पट्टीतून सेल्फचे दीडशे ॲम्पिअर जायचे म्हटले तर सगळा दाब तिथेच संपला असता आणि भरलेल्या बॅटरीवरही सेल्फ हलला नसता. आमचा सेल्फ बॅटरी भरलेली असताना जोरात फिरायचा. म्हणजे अडथळा अशा जागी होता, जिथून सेल्फचा करंट जात नाही, फक्त अल्टरनेटरचा जातो. अशी जागा एकच: अल्टरनेटर आणि इंजिन यांच्यामधली ब्रॅकेट.

आमच्या गाडीचा मूळ डायनामो आधीच्या मालकाने काढून अल्टरनेटर बसवला होता. त्यासाठी ब्रॅकेट नवी वेल्ड करून घेतलेली, आणि गंजू नये म्हणून चांगला जाड रंग दिलेला. रंग वीज जाऊ देत नाही. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून अर्थिंग मिळत असणार. चार पावसाळ्यांच्या खाऱ्या हवेत त्या आट्या गंजल्या आणि ती वाटही अरुंद झाली. बोल्ट काढले, टेकणारी जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, आणि अल्टरनेटरच्या धडापासून थेट बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत एक जाड वायर टाकली. परत मीटर लावला. खुंट्यांवर १४.१.

'टर्मिनल काढून बघितलं, गाडी बंद पडली नाही'

चार्जिंग तपासायची ही पद्धत अजूनही रस्त्यारस्त्यावर चालते: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. ही पद्धत डायनामोच्या काळातली आहे. तेव्हाही ती चांगली नव्हती, पण खपून जायची. अल्टरनेटर असलेल्या गाडीत कृपा करून कुणालाही हे करू देऊ नका.

बॅटरी ही नुसती टाकी नाही, दाबाचे धक्के पोटात घेणारी उशीसुद्धा आहे. ती एकदम काढली की अल्टरनेटरचा दाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळतो. डायोड जळतात, रेग्युलेटर जळतो, आणि धडधाकट अल्टरनेटर तपासणीतच मरतो. शिवाय या तपासणीतून कळतं काय? इंजिनच्या इग्निशनला तीन-चार ॲम्पिअर पुरतात. तेवढे मिळतात एवढंच कळतं. आमच्या गाडीने ही परीक्षा सहज पार केली असती.

'मग मोठी बॅटरी टाकू का?'

पंप बारीक धारेने पाणी देत असताना टाकी मोठी केली तर घरात पाणी वाढतं का? उलट मोठी टाकी कधीच काठोकाठ भरत नाही. गाडीला जेवढी सांगितली आहे तेवढ्याच क्षमतेची बॅटरी ठेवावी.

खरं बघायला हवं ते खर्चाकडे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांतला एक नेहमीचा डायनामो फार तर २२ ॲम्पिअर देतो, तोही इंजिन चांगलं पळत असताना. आता पावसाळी रात्री घाटातून उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ ॲम्पिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे दोन. वायपर तीन-चार. इग्निशन तीन-चार. झाले सतरा ते एकोणीस. कशेडीच्या जुन्या वळणावर ट्रकमागे रांगताना डायनामो तेवढंही देत नाही, मग उरलेलं बॅटरीतून जातं. त्यात कुणी १०० वॉटचे बल्ब आणि गाण्याची सिस्टिम बसवलेली असेल तर घरी पोचेपर्यंत टाकी तळाला गेलेली असणार. इथे कुठलाही भाग बिघडलेला नसतो. कमाई आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, इतकंच. अशा गाडीला चांगल्या एलईडी टेललाइटनी थोडा आराम मिळतो. हेडलाइटला मूळ वॉटचाच बल्ब ठेवून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर टाकली तर उजेडही वाढतो, कारण तिथेही जुन्या स्विचमध्ये दाब जिरत असतो.

गाडीत डायनामोच असेल तर

बॉनेट उघडल्यावर लांबट, डब्यासारखं बंद धड दिसलं तर तो डायनामो. आखूड, जाड आणि बाजूंना हवेच्या फटी असलेला दिसला तर अल्टरनेटर.

आधी बेल्ट बघा, दोन्हींसाठी. इंजिन बंद ठेवून बेल्टच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठा दाबला तर साधारण अर्धा इंच दबायला हवा. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतोय. जुन्या गाड्यांत हाच पट्टा बहुधा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून चालता चालता लाल दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानाचा काटाही चढू लागला, तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्या. पट्टा तुटलेला असतो, आणि इंजिन जाम व्हायला फार अंतर लागत नाही.

डायनामोत झिजणारी गोष्ट म्हणजे कार्बन. कार्बन म्हणजे फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकून वीज उचलणारे काळे ठोकळे. ते संपले किंवा स्प्रिंग ढिली पडली की चार्जिंग येत-जात राहतं. धक्का बसला की दिवा विझतो, मग पुन्हा लागतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनामोत तपासणी अशी: डी (वीज बाहेर देणारी) आणि एफ (आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याची) या दोन्ही वायरी काढायच्या, डायनामोची ती दोन टोकं एका तारेने जोडायची, आणि तिथून धडापर्यंत मीटर लावून इंजिन हळूहळू थोडं रेस करायचं. आकडा भरभर वर चढला तर डायनामो चांगला, दोष कटआऊट-रेग्युलेटरच्या डब्यात किंवा वायरिंगमध्ये. आकडा एखाद-दोन व्होल्टवरच अडला तर डायनामो उघडावा लागेल. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, आणि हे काही सेकंदांतच आटपा.

डब्यातल्या कटआऊटचे पॉइंट कधीकधी चिकटतात. मग इंजिन बंद केल्यावरही बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होत राहते, वायरी तापतात. इंजिन बंद करूनही वायर गरम लागली किंवा जळका वास आला तर विचार करत बसू नका, आधी बॅटरीचं टर्मिनल काढा.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही गाड्यांत बॅटरीचं ऋण नव्हे, तर धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या सवयीने उलटी बॅटरी जोडली तर नुकसान होतं. काढण्याआधी कुठली केबल कुठे होती ते टेपने खूण करून ठेवा.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का, असंही विचारतात. गाडी फक्त गौरी-गणपतीत आणि मे महिन्यात दिवसा चालणार असेल तर डायनामो राहू द्या, तो त्या गाडीचा मूळ अवयव आहे. रात्रीचा, पावसातला प्रवास करायचा असेल तर अल्टरनेटर सुरक्षित. फक्त बसवल्यावर ब्रॅकेटवरचा रंग खरवडा.

उभ्या गाडीत वीज कोण पितं?

कधीकधी चार्जिंग उत्तम असतं, तरी दहा-पंधरा दिवसांनी गाडी मेलेली. मग गळती शोधायची. सगळं बंद, दारं लावलेली. बॅटरीची ऋण केबल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर ॲम्पिअरच्या रेंजला लावायचा, आधी १० ॲम्पिअरवर. अशा वेळी चावी चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या गाडीत संगणक नाही, त्यामुळे आकडा जवळपास शून्य हवा. ५० मिलीॲम्पिअरपेक्षा (हजार मिलीॲम्पिअर म्हणजे एक ॲम्पिअर) जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर आकडा पडला, गळती त्या वाटेवर. डिकीचा दिवा, नंतर बसवलेला टेप, दाराचा गंजलेला स्विच ही नेहमीची ठिकाणं. फ्यूज नसलेल्या वाटा, म्हणजे डायनामो-अल्टरनेटरच्या वायरी, वेगळ्या काढून बघाव्या लागतात.

१०० मिलीॲम्पिअर किती क्षुल्लक वाटतात! पण दिवसाला ते २.४ ॲम्पिअर-तास होतात. ४० ॲम्पिअर-तासाची बॅटरी आठ दिवसांत निम्मी आणि सोळा-सतरा दिवसांत कोरडी. मे अखेरीपासून गणपतीपर्यंत तर तीन महिने जातात.

मुंबईला परत जाताना

बॅटरी पूर्ण भरून मग ऋण केबल काढून ठेवा. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर बॅटरी उतरते असं जुने लोक सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला तसं काही होत नाही, पण उष्णतेचा फरक खरा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पत्र्याच्या शेडपेक्षा घरातला थंड कोपरा बरा.

खुंट्यांवर पांढरी-निळी भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. तो फेस बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. धातू चकचकीत करून केबल घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली लावून मग जोडू नका. अर्थिंगच्या प्रत्येक सांध्याला हेच.

पाणी फक्त डिस्टिल्ड. विहिरीचं नाही, पागोळ्यांचं तर नाहीच. पूर्वी कुणी पावसाचं पाणी धरून घालायचे, पण किनाऱ्यावरच्या पावसातही समुद्राचं मीठ उतरलेलं असतं.

यंदा निघताना मी एक कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. त्यावर तारीख आणि चार आकडे: उभ्या गाडीचे १२.७, चालू गाडीचे १४.१, जाण्याच्या वाटेत ०.३, परतीच्या वाटेत ०.१. मीटर काकांकडे आहे. महिन्यातून एकदा केबल जोडून, गाडी अर्धा तास फिरवून ते नवे आकडे त्याच कागदावर खाली लिहितात.